सहीआधीचा प्रश्न : गुणी, वादग्रस्त खेळाडू आणि फुटबॉल क्लब

फुटबॉल क्लबने अमुक खेळाडू विकत घेतला, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात विक्री होते ती नोंदणीची. जुन्या क्लबबरोबरचा करार मुदतीआधी सोडवून घेण्यासाठी नवा क्लब जी रक्कम मोजतो, ती ट्रान्सफर फी. मुदत पुरी झालेल्या खेळाडूसाठी अशी रक्कम मागता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये बॉसमन खटल्यात ठरवून दिले. तेव्हापासून क्लब मोठे खेळाडू लांब मुदतीच्या करारात बांधून ठेवतात. मोजलेली रक्कम हिशेबवहीत एकाच वर्षी खर्ची पडत नाही. करार पाच वर्षांचा असेल तर ती पाच वर्षांवर वाटली जाते आणि तेवढा काळ तो खेळाडू क्लबच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो. त्याच्यावर बंदी आली की पगार चालूच राहतो, बाजारातली किंमत मात्र उतरते.

हिशेबाचा हा भाग रुक्ष आहे, पण पुढचे बरेच काही त्यातून निघते. सही होईपर्यंत क्लब परीक्षक असतो, सही झाली की तो पक्षकार होतो. खेळाडूवर होणाऱ्या प्रत्येक आरोपात त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात. वादग्रस्त खेळाडू घ्यावा की नाही याची चर्चा बहुधा तराजू धरून होते : एका पारड्यात गोल, दुसऱ्यात स्वभाव. ही मांडणी अपुरी आहे. सही झाल्यानंतर खरे बोलण्याची क्लबची किती तयारी उरेल, आणि त्या सहीची किंमत ज्यांना मोजावी लागेल त्यांना आधी कोणी विचारले होते का, हे दोन प्रश्न तिच्यात येतच नाहीत.

‘वादग्रस्त’ हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. ग्रस्त म्हणजे ग्रासलेला, गिळला गेलेला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, व्याधिग्रस्त या शब्दांत ज्याच्यावर काही ओढवले तो माणूस दिसतो. त्याच साच्यातला ‘वादग्रस्त खेळाडू’ हाही जणू वादाच्या पुरात सापडलेला बिचारा ठरतो. त्याने काय केले आणि कोणाला केले, हे शब्दाआड दडते. सरावाला उशिरा येणारा आणि प्रशिक्षकाशी भांडणारा वादग्रस्त; मैदानावर डोके फिरून प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणारा वादग्रस्त; दुसऱ्या माणसाचा वंशावरून अपमान करणारा किंवा स्त्रीवर अत्याचार केल्याचे न्यायालयाने ठरवलेला, तोही वादग्रस्तच. पहिल्याचा बेशिस्तपणा ही क्लबची घरातली बाब असते. दुसऱ्याच्या गुन्ह्याला पंच आणि महासंघ यांच्याकडे ठरलेले माप असते. तिसऱ्या प्रकारात मात्र पीडित व्यक्ती असते आणि तिच्यासारखीच माणसे त्याच क्लबच्या संघात, प्रेक्षकांत, कचेरीत असतात. एकच विशेषण तिघांना लावले की तिसऱ्याला पहिल्याची सवलत मिळते.

मैदानावरच्या संतापाचे सर्वांत गाजलेले उदाहरण एरिक कँतोनाचे. डिसेंबर १९९१ मध्ये फ्रान्समध्ये नीमकडून खेळताना त्याने पंचांवर चेंडू फेकला. एक महिन्याची बंदी झाली. सुनावणीत तो समितीच्या एकेका सदस्यासमोर जाऊन त्याला मूर्ख म्हणाला, तेव्हा बंदी दोन महिन्यांची झाली आणि त्याने निवृत्तीच जाहीर केली. पुढे इंग्लंडमध्ये लीड्सने त्याला घेतले आणि त्याच हंगामात लीड्स विजेता ठरला. नोव्हेंबर १९९२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला अवघ्या १२ लाख पौंडांत नेले. अशा गुणवत्तेला एवढी कमी किंमत मिळाली, ती त्याच्या स्वभावाची ख्याती आधी पोहोचल्यामुळे. १९९३ मध्ये युनायटेडने २६ वर्षांनी लीग जिंकली.

२५ जानेवारी १९९५ रोजी लंडनमधल्या सेलहर्स्ट पार्कवर लाल कार्ड मिळून बाहेर जाताना, शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकावर कँतोनाने कठड्यावरून झेप घेऊन लाथ मारली. दोनच दिवसांत, फुटबॉल असोसिएशनचा निर्णय येण्याआधी, युनायटेडने स्वतःच त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर बसवले आणि दोन आठवड्यांच्या पगाराएवढा, २० हजार पौंडांचा दंड केला. असोसिएशनने बंदी ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली. न्यायालयाने दोन आठवड्यांची कैद सुनावली, अपिलात तिची १२० तासांची समाजसेवा झाली आणि ती त्याने मुलांना फुटबॉल शिकवून पुरी केली. युनायटेडने याची खरी किंमत मोजली. त्या हंगामात लीगचे विजेतेपद ब्लॅकबर्नकडे एका गुणाने गेले आणि एफए कपचा अंतिम सामना एव्हर्टनने जिंकला. तरीही उन्हाळ्यात खेळ सोडायला निघालेल्या कँतोनाला परत आणण्यासाठी ॲलेक्स फर्ग्युसन पॅरिसला गेले. १ ऑक्टोबरला तो परतला आणि पुढच्या मे महिन्यात क्लबकडे दोन्ही चषक होते. या सगळ्या काळात युनायटेडने माणसाला सोडले नाही आणि त्याच्या कृत्याचे समर्थनही केले नाही. या दोन गोष्टी एकत्र साधणे दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे, हे सोळा वर्षांनी ३५ मैलांवरच्या लिव्हरपूलमध्ये दिसून आले.

लुईस सुआरेझ हा उरुग्वेचा, साल्तो गावात १९८७ मध्ये जन्मलेला. माँतेव्हिदेओच्या नासिओनालमधून २००६ मध्ये तो हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला आला आणि वर्षभरात आयाक्सला गेला. २००९-१० च्या डच लीगमध्ये त्याने ३३ सामन्यांत ३५ गोल केले. दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात घानाविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्याच्या शेवटच्या क्षणी गोलरेषेवर हाताने चेंडू अडवून त्याने उरुग्वेला वाचवले. त्याला लाल कार्ड मिळाले, घानाची पेनल्टी आडव्या दांड्याला लागली, आणि एका खंडाच्या लेखी तो खलनायक झाला. त्यातला अन्याय समजण्यासारखा असला तरी त्या कृत्याची शिक्षा नियमाप्रमाणे तिथल्या तिथे झाली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पीएसव्हीविरुद्ध त्याने ओटमान बक्कलच्या खांद्याजवळ चावा घेतला, ते प्रकरण वेगळे. तेव्हा तो आयाक्सचा कर्णधार होता. डच महासंघाने सात सामन्यांची बंदी घातली आणि ती संपण्याआधीच, जानेवारी २०११ च्या अखेरीस, लिव्हरपूलने त्याला २ कोटी २८ लाख पौंडांना साडेपाच वर्षांच्या करारावर आणले.

त्या वेळी लिव्हरपूलची स्थिती नाजूक होती. ऑक्टोबर २०१० मध्ये क्लब कर्जाच्या गर्तेतून नव्या अमेरिकन मालकांकडे गेला होता. जानेवारीत केनी डाल्ग्लिश पुन्हा मॅनेजर झाले होते. सुआरेझची सही पक्की झाली त्याच ३१ जानेवारीला फर्नांडो टोरेस ५ कोटी पौंडांना चेल्सीला गेला आणि अँडी कॅरलसाठी लिव्हरपूलने ३ कोटी ५० लाख मोजले. म्हणजे कॅरलपेक्षा कितीतरी सरस आघाडीपटू क्लबला सव्वा कोटीने स्वस्त पडला. फुटबॉलच्या दृष्टीने हा व्यवहार उत्तम होता, आणि त्या दिवशी जेवढे ठाऊक होते त्यावर तो चूकही म्हणता येत नाही. एक चावा, एक शिक्षा, एक दिलगिरी : कँतोनाला संधी मिळाली ती योग्य असेल तर ही संधीही योग्यच होती.

चूक पुढे झाली. १५ ऑक्टोबर २०११ रोजी ॲनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडशी १-१ अशी बरोबरी झाली आणि सुआरेझने आपला वंशावरून अपमान केल्याची तक्रार युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने केली. दोघांचे भांडण स्पॅनिशमध्ये झाले होते. त्यात एव्हराच्या वंशावरून वापरलेला शब्द आपल्याकडे सलगीनेही वापरतात, असा सुआरेझचा बचाव होता. असोसिएशनने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने भाषातज्ज्ञांचे म्हणणे ऐकले. त्यांच्या मते हा शब्द त्या प्रदेशात खरोखरच सलगीने वापरला जातो, पण भांडणाच्या भरात, चिमटे काढत, समोरच्याला डिवचण्यासाठी वापरला तर तिथेही तो अपमानच ठरतो. आयोगाने एव्हराची साक्ष अधिक विश्वासार्ह मानली, तो शब्द सात वेळा वापरला गेल्याचा निष्कर्ष काढला आणि २० डिसेंबरला आठ सामन्यांची बंदी व ४० हजार पौंडांचा दंड जाहीर केला. कारणमीमांसेचे ११५ पानी निकालपत्र ३१ डिसेंबरला प्रसिद्ध झाले.

या दोन तारखांच्या मधला २१ डिसेंबर क्लबच्या इतिहासात नोंदला गेला. विगनमधल्या सामन्याआधी लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझचे चित्र आणि त्याचा ७ क्रमांक छापलेले टी-शर्ट घालून सरावाला उतरले. डाल्ग्लिश यांच्याही अंगावर तो होता, आणि संघातला कृष्णवर्णीय बचावपटू ग्लेन जॉन्सन याच्याही. निकालाची कारणे तोवर कोणी वाचलीच नव्हती. फेब्रुवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर सुआरेझने एव्हराशी हस्तांदोलन टाळले, तेव्हा प्रायोजक स्टँडर्ड चार्टर्ड बँकेने नाराजी कळवली आणि दुसऱ्याच दिवशी सुआरेझ, डाल्ग्लिश व व्यवस्थापकीय संचालक इयन एअर अशा तिघांनी माफी मागितली. तक्रार आली ऑक्टोबरात, निकाल डिसेंबरात, माफी फेब्रुवारीत. मधल्या चार महिन्यांत क्लब आपल्या मालमत्तेची वकिली करत राहिला.

तो खर्च कोणी सोसला, हे पाहण्यासाठी शहराकडे पाहावे लागते. लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातली कृष्णवर्णीय वस्ती ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे. तिथला हॉवर्ड गेल १९८० मध्ये लिव्हरपूलच्या पहिल्या संघातून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, म्हणजे क्लबच्या स्थापनेनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. ज्या क्लबचे दार उघडायला एवढा काळ लागला, त्याच्या संपूर्ण संघाने तो टी-शर्ट घालून प्रेक्षकांतल्या एका गटाला काय सांगितले, हे तेव्हा क्लबच्या ध्यानी आले नाही. तो घालणाऱ्यांपैकी जेमी कॅरॅगरने २०१९ च्या ऑक्टोबरात दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात शेजारी बसलेल्या एव्हराची माफी मागितली. ती मनापासून होती. आठ वर्षे मात्र मधे गेली होती.

क्लब काही शिकला, हे मान्य करायला हवे. २१ एप्रिल २०१३ रोजी सुआरेझने चेल्सीच्या ब्रानिस्लाव्ह इव्हानोविचच्या दंडाला चावा घेतला आणि वर भरपाईच्या वेळेत बरोबरीचा गोलही केला. या वेळी टी-शर्ट निघाले नाहीत. क्लबने लगेच कृत्याचा निषेध केला, दंड केला आणि ती रक्कम हिल्सबरो दुर्घटनेतल्या मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटनेला दिली. असोसिएशनने दहा सामन्यांची बंदी घातली. ती चालू असतानाच त्या उन्हाळ्यात आर्सेनलने त्याच्यासाठी ४ कोटी आणि वर १ पौंड, अशी बोली लावली. ४ कोटींहून अधिकची बोली आली की त्याला सोडावे लागेल, अशा कलमाची चर्चा होती आणि तो एक पौंड त्या कलमासाठी होता. दोन चावे आणि एक वंशद्वेषाचा निकाल नावावर असताना बाजार त्याची किंमत अशी सुट्या नाण्यापर्यंत मोजत होता. लिव्हरपूलने नकार दिला. बंदी संपल्यावर सुआरेझने २०१३-१४ मध्ये ३३ लीग सामन्यांत ३१ गोल केले, त्यांत एकही पेनल्टी नव्हती, आणि लिव्हरपूल विजेतेपदापासून दोन गुणांवर थांबले.

२४ जून २०१४ रोजी ब्राझीलमधल्या नाताल इथे विश्वचषकाच्या सामन्यात इटलीच्या जॉर्जिओ किएलिनीला तिसरा चावा बसला. पंचांना तो दिसला नाही. दोन मिनिटांत उरुग्वेचा गोल झाला आणि इटली स्पर्धेबाहेर गेली. फिफाने नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने सर्व फुटबॉलमधून बंदी अशी शिक्षा दिली. ती फार कडक आहे, असे खुद्द किएलिनीनेच म्हटले. चाव्यानंतर सतराव्या दिवशी, ११ जुलैला, बार्सिलोनाने सुमारे ८ कोटी युरोंना सुआरेझला करारबद्ध केले. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादाने बंदी कायम ठेवली, पण सरावाला आणि मैत्रीपूर्ण सामन्यांना मुभा दिली. २५ ऑक्टोबरला तो रियाल माद्रिदविरुद्ध उतरला, चौथ्याच मिनिटाला नेमारच्या गोलला त्याने पास दिला आणि बार्सिलोना ३-१ ने हरली. हंगाम संपला तेव्हा मात्र तिन्ही मोठे चषक बार्सिलोनाकडे होते. मेस्सी, सुआरेझ, नेमार या तिघांनी मिळून १२२ गोल केले होते. बर्लिनमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात युव्हेंटसविरुद्ध बार्सिलोनाला आघाडी मिळवून देणारा गोल सुआरेझचाच. किएलिनी दुखापतीमुळे बाहेर होता. युव्हेंटसच्या बचावफळीत होता पॅट्रिस एव्हरा.

या यशावरून निर्णय बरोबर होता असे मानायची घाई नको. निकालावरून निर्णय जोखला तर यशस्वी जुगाऱ्यालाही दूरदर्शी म्हणावे लागेल. सुआरेझला विकलेल्या लिव्हरपूलने त्याच ऑगस्टमध्ये मारिओ बालोतेलीला १ कोटी ६० लाख पौंडांना आणले. गुण वादातीत, स्वभाव बेभरवशाचा, किंमत उतरलेली : व्यवहाराचा साचा तोच. लीगच्या १६ सामन्यांत त्याने एक गोल केला. बालोतेली मोडतो पहिल्या प्रकारात, बेशिस्तीच्या. उलट तो स्वतः युरोपभर वंशद्वेषी घोषणांचा बळी होता. तरी बातम्यांत तो आणि सुआरेझ एकाच विशेषणाखाली येत राहिले.

बार्सिलोनाची बाजू वेगळ्या कारणाने समर्थनीय ठरते. चावा हा मैदानावरच्या आवेगाचा गुन्हा. त्याची शिक्षा ठरली होती, ती पुरी भोगायची होती, आणि बार्सिलोनाच्या सहीमुळे ती कमी होणार नव्हती. चाव्याने कुठल्या समाजगटाला दुय्यम ठरवले नव्हते. तसले प्रकरण एव्हराचे होते, आणि त्याविषयी बार्सिलोनाने सुआरेझला काय विचारले याची चर्चा त्या जुलैत जवळजवळ झालीच नाही. सगळे दातांविषयी बोलत राहिले. स्वभावाचे म्हणाल तर तो पुरता निवळला नाहीच. बार्सिलोना, ॲटलेटिको, नासिओनाल, ग्रेमियो असा प्रवास करून इंटर मायामीत पोहोचलेल्या ३८ वर्षांच्या सुआरेझवर २०२५ च्या लीग्ज कप अंतिम सामन्यानंतर सिॲटलच्या कर्मचाऱ्यावर थुंकल्याबद्दल पुन्हा बंदी आली.

अपमानाचा अर्थ अंतराबरोबर पुसट होतो आणि खेळाडू दूरच्या बाजारात गेला की तो जवळजवळ शून्यावर येतो. याचे उदाहरण मुंबईतच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये वेस्ट ब्रॉमविचकडून खेळताना निकोला आनेल्काने गोल केल्यावर ‘केनेल’ नावाची हाताची खूण केली. फ्रान्समध्ये ती ज्यूद्वेषी खूण म्हणून ओळखली जाते. ज्यूद्वेष पसरवण्याचा त्याचा हेतू सिद्ध झाला नाही, पण खुणेचा तो अर्थ आयोगाने मान्य केला आणि पाच सामन्यांची बंदी व ८० हजार पौंडांचा दंड झाला. झूप्ला या प्रायोजक कंपनीने करार पुढे चालवणार नसल्याचे जाहीर केले. मार्च २०१४ मध्ये क्लबने त्याला काढले. त्याच सप्टेंबरात, पहिल्या इंडियन सुपर लीगसाठी, तो मुंबई सिटीचा झाला. बंदी शिल्लक असल्याने सुरुवातीचे काही सामने त्याला बाहेरच बसावे लागले आणि पुढच्या वर्षी तो खेळाडू-मॅनेजर झाला. नव्या लीगला ओळखीची नावे हवी होती आणि आनेल्का खरोखर मोठा खेळाडू होता. पण ती खूण ज्यांच्याविरुद्ध होती, ते लोक या शहराला परके नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले आहेत. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसवरचा हल्ला ज्यू केंद्र म्हणूनच झाला होता. सही करताना हे कोणाच्या तरी मनात यायला हवे होते. आनेल्काला नाकारण्याइतके ते कारण होते असे नाही, पण त्याच्याकडून आधी जाहीर खुलासा मागण्याइतके नक्कीच होते.

सहीआधी क्लब काय काय तपासतो? सामन्यांची चित्रीकरणे पाहिली जातात, जुन्या प्रशिक्षकांना फोन जातात, गुडघे आणि हृदय तपासले जाते, वकील करार वाचतो, रक्कम हप्त्यांत बांधली जाते. वर्तनाची कलमेही घालता येतात. त्यांची ताकद मात्र बेताची. इंग्लंडमधल्या प्रमाणित करारानुसार क्लबला पहिल्या गैरवर्तनासाठी एरवी दोन आठवड्यांच्या पगारापेक्षा जास्त दंड करता येत नाही. कँतोनाला झालेला दंड त्या मर्यादेचाच होता. खरी शस्त्रे म्हणजे न खेळवणे आणि काढून टाकणे. दोन्हींत क्लब स्वतःचेच पैसे जाळतो. कोकेन घेतल्याचे सिद्ध झाल्यावर चेल्सीने २००४ मध्ये १ कोटी ५८ लाख पौंडांच्या एड्रियन मुतूला काढून टाकले. फिफाने पुढे मुतूला १ कोटी ७० लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला सांगितली आणि लवादाने ते कायम केले. तरी निर्णयाच्या दिवशी चेल्सीला नुकसान पत्करावेच लागले. श्रीमंत मालक असल्यामुळे ते परवडले. सामान्य क्लबला असे परवडत नाही, म्हणूनच तो टी-शर्ट छापतो.

न्यायालयाचा निकाल हाताशी असला तरी क्लबचे काम सोपे होत नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात २०१२ मध्ये शिक्षा झालेला फुटबॉलपटू चेड इव्हान्स ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटला. त्याच्या जुन्या क्लबने, शेफिल्ड युनायटेडने, त्याला सरावाची मुभा दिली आणि जनक्षोभानंतर ती मागे घेतली. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस-हिल हिने, त्याला घेतल्यास प्रेक्षागृहाला दिलेले आपले नाव काढा, असे कळवले होते. जानेवारी २०१५ मध्ये त्याला घ्यायला निघालेल्या ओल्डहॅम क्लबनेही पाऊल मागे घेतले. एप्रिल २०१६ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि ऑक्टोबरमधल्या फेरखटल्यात ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. यातून काही जण असे अनुमान काढतात की क्लबने नैतिकतेत पडूच नये. ते टिकत नाही. २०१४ मध्ये शिक्षा कायम होती आणि क्लबला त्या दिवशीच्या वस्तुस्थितीवरच ठरवायचे होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळाले पाहिजे, हा आग्रह योग्यच आहे. पण तो पोटापाण्याच्या कामाविषयी आहे. हजारो मुले ज्याचे नाव पाठीवर छापून मिरवतात, ती जागा त्यात आपोआप येत नाही. आणि सही म्हणजे खटल्याचा निवाडाही नसतो. क्लबने ठरवायचे असते ते आपल्या छताखालच्या माणसांनी या सोबतीत काम करावे, खेळावे, टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे. ते त्या माणसांना विचारल्याशिवाय ठरत नाही.

न विचारल्यास काय होते हे स्कॉटलंडमधल्या कर्कॉडीत दिसले. रेथ रोव्हर्स हा तिथला १८८३ चा क्लब, स्टार्क्स पार्क हे त्याचे मैदान, आणि २०२२ च्या हिवाळ्यात तो दुसऱ्या श्रेणीत होता. ३१ जानेवारीला, खेळाडूंच्या बदल्यांची मुदत संपण्याच्या दिवशी, त्याने क्लाइडचा कर्णधार डेव्हिड गुडविली याला अडीच वर्षांच्या करारावर घेतले. स्कॉटलंडकडून खेळलेला हा आघाडीपटू खालच्या श्रेणीत भरपूर गोल करत होता. त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला नव्हता. पुरावा अपुरा म्हणून २०११ मध्ये आरोप मागे घेतला गेला. पण २०१७ मध्ये दिवाणी दाव्यात न्यायाधीशांनी त्याने आणि दुसऱ्या एका फुटबॉलपटूने स्त्रीवर बलात्कार केल्याचे ठरवून १ लाख पौंड भरपाई देण्याचा हुकूम दिला होता, आणि त्याचे अपीलही फेटाळले गेले होते.

शर्टावर जिचे नाव होते ती प्रायोजक म्हणजे गुन्हेकथालेखिका व्हॅल मॅकडर्मिड. तिचे वडील याच क्लबसाठी खेळाडू हेरत. स्कॉटलंडचा महान जिम बॅक्स्टर ही त्यांचीच पारख. तिने प्रायोजकत्व संपवले आणि आयुष्यभराचा पाठिंबाही काढून घेतला. दहा वर्षे क्लबकडून खेळलेली महिला संघाची कर्णधार त्याच दिवसांत बाहेर पडली. संचालकांनी राजीनामे दिले. कर्कॉडीत वाढलेले माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन, लहानपणापासून या क्लबचे, त्यांनीही जाहीर विरोध केला. क्लबने पहिल्यांदा काढलेल्या निवेदनाचा सूर असा होता की हा मुख्यतः फुटबॉलचा निर्णय आहे. त्या मुख्यतःमध्येच सगळी चूक साठली होती : फुटबॉल म्हणजे पुरुषांच्या संघाचे गोल, आणि महिला संघ, प्रायोजक, प्रेक्षक हे त्याभोवतीचे काहीतरी, असे गृहीत धरलेले होते.

३ फेब्रुवारीला क्लबने चूक कबूल करून गुडविलीला खेळवणार नसल्याचे जाहीर केले. मार्चमध्ये त्याला पुन्हा क्लाइडकडे उसना पाठवले, तेव्हा क्लाइडच्या महिला संघातल्या खेळाडूंनी क्लब सोडला. क्लाइड जिथे खेळत असे ते ब्रॉडवुड स्टेडियम ज्यांच्या मालकीचे त्या नॉर्थ लॅनार्कशायर कौन्सिलने तिथे त्याला प्रवेश नाकारला आणि ती बदलीही रद्द झाली. क्लाइडने त्याला आधी पाच वर्षे खेळवले होते, कर्णधारही केले होते. तेव्हा कोणी विचारले नव्हते, याचा अर्थ तेव्हा कोणाला काही वाटत नव्हते असा होत नाही. विचारणारी माणसे क्लबच्या आत, खेळाडू म्हणून, एवढ्या संख्येने आणि एवढ्या आवाजात त्या मार्चमध्ये उभी राहिली, हा फरक.

सप्टेंबर २०२२ मध्ये रेथ रोव्हर्सने त्याचा करार परस्परसंमतीने संपवला. त्या करारातला एकही सामना तो रेथसाठी खेळला नव्हता. महिला संघ तोवर क्लबपासून वेगळा होऊन मॅकडर्मिड लेडीज या नावाने खेळू लागला होता.